'व्हिस्कस' म्हणजे चिकट? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका उत्तरपत्रिकेचं प्रकरण

प्रश्न दोन गुणांचा होता. मध, पाणी, एरंडेल आणि पारा हे चार द्रव 'व्हिस्कॉसिटी'च्या उतरत्या क्रमाने लावा आणि कारण द्या. अकरावीतल्या एका मुलीने इंग्रजीत जे उत्तर लिहिलं, त्याचा मराठीतला आशय असा: मध सर्वांत वर, कारण तो बोटाला चिकटतो आणि धुतल्याशिवाय जात नाही. त्याखाली पाणी, कारण पाण्यात हात घातला की तो ओला होतो, म्हणजे पाणी थोडंफार चिकटतंच. त्याखाली एरंडेल, कारण ते निसरडं आहे. सर्वांत खाली पारा, कारण पारा कशालाच चिकटत नाही.

बरोबर क्रम मध, एरंडेल, पारा, पाणी असा आहे. मध वर ठेवल्याबद्दल तिला अर्धा गुण मिळाला. समासात लाल शाईने शेरा होता: 'चिकट म्हणजे व्हिस्कस नव्हे.'

संध्याकाळी ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. वाळपईजवळच्या एका गावात देवळाच्या सभामंडपात आम्ही काही शिक्षक मुलांचा अभ्यास घेतो. मी मराठीची शिक्षिका. शास्त्र शिकवत नाही, पण शब्द अडला की मुलं माझ्याकडे येतात. तिच्या दुसऱ्या हातात इंग्रजी-मराठी शब्दकोश होता आणि बोट नेमकं त्या शब्दावर. "टीचर, हांगा बरयलां पळय. चिकट, चिकचिकीत." शब्दकोशात खरोखर तसंच होतं. इंग्रजी-इंग्रजी कोश उघडला, तर तिथेही 'दाट आणि चिकट' अशाच अर्थाची नोंद.

ही मुलगी पाठांतर करणारी नाही. तिने चार द्रव डोळ्यांपुढे आणले, प्रत्येक जण बोटाला किती चिकटतो ते आठवलं आणि त्याच एका कसोटीवर चौघांना लावलं. 'व्हिस्कस म्हणजे चिकट' हे मान्य केलं, तर तिच्या उत्तरात एकही तर्कदोष नाही. जी चूक होती ती कसोटीतच होती, आणि ती कसोटी तिला छापील कोशाने दिली होती. म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथली पुष्कळ मुलं, विशेषतः सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांतली, चौथीपर्यंत मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. घरी कोंकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, वर्गात इंग्रजी. मुलं हे तिन्ही सहज पेलतात. पण शास्त्राच्या प्रत्येक नव्या शब्दाशी त्यांना एक करार करावा लागतो. इंग्रजी शब्दाला मराठी किंवा कोंकणी शब्दाची जोडी लावायची आणि पुढे त्या जोडीवर विसंबून विचार करायचा. जोडी चुकीची बसली, तरी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण परीक्षेत बहुधा व्याख्याच विचारतात आणि व्याख्या पाठ असते. इथे कारण विचारलं गेलं, म्हणून जोडी उघडी पडली. हा प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांचे मला आभारच मानावेसे वाटतात.

मी केलेली चूक

तिला मी पहिलं सांगितलं ते असं: "चिकट सोड, दाट म्हण. जो द्रव जास्त दाट, तो जास्त व्हिस्कस." वाटलं, सुटला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ती नवा क्रम लिहून घेऊन आली. आता पारा सर्वांत वर, मग मध, मग पाणी आणि एरंडेल तळाला. कारणही चोख होतं. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, मध पाण्यात बुडतो, एरंडेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्यापेक्षा पातळ. दाटपणा तिने घनतेशी जोडला होता. चूक माझी होती. मराठीत आपण 'दाट' हा शब्द दाट आमटीला वापरतो, दाट झाडीला वापरतो, दाट वस्तीलाही वापरतो. यातल्या दोन ठिकाणी तो गर्दीचा, म्हणजे घनतेचाच अर्थ देतो. मराठी विश्वकोशात या गुणधर्माला श्यानता म्हटलं आहे आणि जोडीला दाटपणा हा शब्दही समजुतीसाठी येतो. जाणत्या वाचकाला तो पुरतो. अकरावीतल्या मुलीला मात्र मी एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकललं होतं, कारण पहिल्या उत्तरात निदान मध आपल्या जागी होता आणि आता तोही हलला.

त्या रात्री ठरवलं की आता तिसरा शब्द सुचवायचा नाही. आधी या शब्दाचा जन्म शोधायचा.

शब्द कुठून आला

वाट दाखवली ती वाड्यावरच्या एका वृद्ध बाबांनी. ते गोवामुक्तीपूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज विद्यालयात, शिकले. वय झालं, तरी पोर्तुगीज शब्द जिभेवर आहेत. त्यांच्यापुढे 'व्हिस्कस' उच्चारला आणि ते लगेच म्हणाले, "'विश्कोझु' म्हळ्यार चिकचिकीत. आनी 'विश्कु' म्हळ्यार सवणीं धरपाचो चीक." पक्षी धरायचा चीक! पोर्तुगीजमध्ये 'विश्कु' याचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे युरोपातल्या झाडांवर वाढणारं बांडगूळ. एका शब्दात झाड आणि सापळा दोन्ही.

मूळ लॅटिन शब्द 'विस्कुम'. अर्थ हेच दोन: बांडगूळ, आणि बांडगुळाच्या फळांपासून केलेला पक्षी पकडायचा चीक. युरोपातल्या बांडगुळाला मोत्यासारखी पांढरी फळं येतात. फळ चिरडलं की आतल्या गराची लांबच लांब तार निघते. रोमन लोक ही फळं कुटून, मळून त्याचा लगदा करत आणि फांद्यांना, काठ्यांना माखत. पक्षी बसला की त्याचे पाय अडकत. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने ही कृती लिहून ठेवली आहे. या 'विस्कुम'वरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'विस्कोसुस' हे विशेषण झालं, म्हणजे चिकासारखा, चिकट. तिथून फ्रेंचच्या वाटेने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत 'व्हिस्कस' म्हणून पोहोचलं. तेव्हा त्याचा अर्थ निखळ चिकट असाच होता. म्हणजे या मुलीचं उत्तर सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात कुणी चूक ठरवलं नसतं.

एक रोमन म्हण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही: कस्तुर पक्षी आपलं मरण आपणच विष्ठेतून टाकतो. कस्तुर बांडगुळाची फळं खातो, त्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या फांदीवर पडतं, तिथे नवं बांडगूळ उगवतं, त्याच्या फळांचा चीक होतो आणि त्यात कस्तुरच अडकतो. आपल्याकडे आंब्याच्या, चिकूच्या झाडांवर जे बांडगूळ दिसतं ते वेगळ्या जातीचं, पण त्याचीही रीत हीच. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याचं फळ खातो आणि चिकट बी चोचीला किंवा शेपटीखाली राहिलं की फांदीवर घासून पुसतो. बी तिथेच डकतं आणि रुजतं. बांडगुळाला चिकटपणा हवा असतो तो एवढ्यासाठीच, कारण जमिनीवर पडलेलं बी वाया जातं. पुढच्या रविवारी मुलीला घेऊन मी कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, कडेला असलेल्या आंब्याखाली गेले आणि हे बी तिच्या बोटावर ठेवलं. तिने ते दोन बोटांत धरून ताणलं. तार बरीच लांबली आणि मग तुटली.

"म्हणजे माझं उत्तर या झाडाचं होतं," ती म्हणाली.

आणि फणस होताच. बाबांच्या लहानपणी गावातली मुलं फणसाचा चीक काठीला गुंडाळून पक्षी धरत. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि तसाच असायला हवा. पण युरोपातलं ते बांडगूळ नसलेल्या प्रदेशातही माणसाला त्याच कामासाठी तशीच गोष्ट सापडली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. भारतात वडाचा, पिंपळाचा, फणसाचा चीक या कामी येत असे. फणसाच्या चिकाने फुटकी चिनी मातीची भांडीही सांधत.

ग्रीकमध्ये याच लॅटिन शब्दाचा भाऊ आहे: 'इक्सॉस', अर्थ तोच, बांडगूळ आणि पक्ष्यांचा चीक. त्यावरून 'इक्सोडीस', म्हणजे चिकासारखा चिकटणारा. प्राणिशास्त्रज्ञांनी हे नाव गोचिडीला दिलं आणि कठीण पाठीच्या गोचिडींचं अख्खं कुळ 'इक्सोडिडे' झालं. सत्तरीतल्या माणसाला हे ऐकून कसंतरी होतं. माकडतापाची साथ आमच्याकडे गेल्या दशकात आली आणि तो ताप पसरवणारी गोचीड याच कुळातली. काजूच्या बागेतून आल्यावर अंग तपासून गोचिडी काढणं हे आमच्या घराघरांतलं काम आहे. चिकटणं या शब्दाचा असाही एक अर्थ आहे.

शब्द कुठे वळला

मूळ सापडलं, पण गुण का गेले ते अजून सुटलं नव्हतं. चिकट असलेला शब्द पाऱ्याला आणि एरंडेलाला कसा लागू झाला?

या टप्प्यावर मला ज्या वाक्याने खरा उजेड दिला ते न्यूटनचं आहे. १६८७ सालच्या ग्रंथात द्रव फिरताना होणाऱ्या विरोधाबद्दल बोलताना त्याने त्या विरोधाचं कारण दिलं: द्रवाच्या भागांमध्ये असलेला निसरडेपणाचा अभाव. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जितक्या वेगाने विलग होतात, तितक्या प्रमाणात विरोध. न्यूटनने तिथे बांडगुळाचं नाव घेतलं नाही, चिकाचंही नाही. त्याने चिकटपणाऐवजी निसरडेपणाची उणीव मोजली, आणि तीही द्रवाच्या पोटातली.

एरंडेलाचं कोडं इथेच उलगडतं. एरंडेल बोटाला निसरडं लागतं. पण एरंडेलाचा एक थर एरंडेलाच्याच दुसऱ्या थरावरून सरकायला गेला, तर त्याला ते मुळीच निसरडं नाही. आपल्या बोटाची साक्ष इथे चालत नाही, कारण प्रश्न बोट आणि तेल यांच्या नात्याचा नाही, तेल आणि तेल यांच्या नात्याचा आहे. २० अंश सेल्सिअसला एरंडेलाची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट आहे. पाऱ्याची पाण्याच्या दीडपट. साडेतेरापट वजनाचा पारा वाहायला जवळजवळ पाण्यासारखाच मोकळा, आणि पाण्यावर तरंगणारं एरंडेल हजारपट अवघड.

एकोणिसाव्या शतकात हे गणित नीट बसलं, पण नावाचा प्रश्न बराच काळ मोकळा होता. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८४५ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात 'द्रवांचं आंतरिक घर्षण' असे शब्द वापरले. १८६६ साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने हवेवरचे प्रयोग मांडले, तेव्हा शीर्षकातच दोन्ही नावं ठेवली: हवेची आणि इतर वायूंची 'व्हिस्कॉसिटी किंवा आंतरिक घर्षण'. हे प्रयोग त्याने पत्नीच्या मदतीने घरीच केले होते. पुढे 'किंवा'च्या आधीचा शब्द टिकला आणि नंतरचा मागे पडला.

आता बघा, हवेची व्हिस्कॉसिटी! हवा कुणाच्या बोटाला चिकटते? पण पावसाळ्यात चोर्ला घाटात जे ढग रस्त्यावर उतरतात, ते तरंगत राहतात ते याच गुणामुळे. शतांश मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब हवेतून सेकंदाला साधारण सव्वा सेंटिमीटर एवढाच खाली येतो, म्हणजे वाऱ्याची हलकी झुळूकही त्याला वर उचलून नेते. हवेची श्यानता पाण्याच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही थोडी कमीच, पण एवढ्या लहान थेंबाला तीच पुरून उरते. बांडगुळाच्या फळापासून निघालेला शब्द इथे येईपर्यंत चिकटपणा पूर्णपणे मागे सोडून आला आहे. उरलं आहे ते फक्त आतल्या थरांचं एकमेकांना धरून ठेवणं.

बाहेरच्याला चिकटणं आणि आतल्या आत अडवणं, या दोन गोष्टी मधात, काकवीत, पाकात एकत्र नांदतात. म्हणूनच कोशांमध्ये त्या आजही एका ओळीत छापल्या जातात. रोजच्या इंग्रजीत 'दाट आणि चिकट' हा अर्थ जिवंत आहे, चुकीचा नाही. शास्त्राने त्यातला एकच धागा उचलला. लाल शेरा मारणारे शिक्षकही बरोबर होते, कोशही बरोबर होता. मुलीला कुणी हे सांगितलं नव्हतं की एकाच शब्दाची दोन घरं आहेत.

आजीचं स्वयंपाकघर

यापुढचं काम मी वहीत न करता तिच्या घरी केलं. एप्रिलचा शेवट होता, आजी ओट्यावर रसाळ फणस फोडत बसली होती. "हाताक तेल लाय गो पयलीं," नातीला म्हणाली, "चीक लागलो जाल्यार वचचो ना."

फणसाचा ताजा चीक देठातून कसा येतो ते पाहिलं आहे ना? दुधासारखा टपटपतो. वाहायला अगदी मोकळा. बोटाला लागला की मात्र सुटत नाही आणि जरा वेळाने रबरासारखा होतो. शेजारी एरंडेलाची बाटली ठेवली. ते ओतताना संथ, जाड धार पडते, पण बोट पुसलं की फार काही उरत नाही. दोन्ही गोष्टी तिने एकापाठोपाठ एक हाताळल्या. एकीकडे वाहतो पण चिकटतो, दुसरीकडे चिकटत नाही पण वाहत नाही. दोन गुण वेगळे आहेत हे तिला सांगावं लागलं नाही. चीक काढायला आजीने चोळलं ते खोबरेल. चिकाच्या आणि कातडीच्या मध्ये तेल शिरलं की चिकाला धरायला जागा राहत नाही.

मग आम्ही मणी सोडले. तीन मिलिमीटरचे काचेचे मणी, तीन सारख्या उंच बाटल्या: पाणी, खोबरेल, एरंडेल, प्रत्येकीत पंधरा सेंटिमीटर. पाण्यात मणी सोडला न सोडला तोच तळाशी. खोबरेलात एक-दीड सेकंद. एरंडेलात मोबाइलवर वेळ लावून मोजलं, दहा सेकंदांच्या आसपास. मणी उतरतो की लोंबकळतो असं वाटावं. तिने पुन्हा पुन्हा सोडले. मग एरंडेलाची बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवून पाहिली, तर मण्याला आधीच्या कितीतरी पट वेळ लागला. श्यानतेचा आकडा तापमान सांगितल्याशिवाय अपुरा असतो, हे पुस्तकातलं वाक्य तिला तेव्हा समजलं. गोव्यातल्या एप्रिलच्या उकाड्यात एरंडेल आपल्या हजारपटीवरून निम्म्याच्या आसपास उतरलेलं असतं.

आजी हे सगळं लक्ष देऊन बघत होती. शेवटी म्हणाली, पाकाची तार बघतो ते हेच ना? मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. एकतारी, दोनतारी पाक म्हणजे काय? दोन बोटांच्या मध्ये पाक ताणायचा आणि तार किती टिकते ते बघायचं. त्यात चिकटणं आहे, कारण बोटाला धरल्याशिवाय तार ताणली जाणार नाही. आणि आतलं अडवणंही आहे, कारण तार लगेच गळून पडत नाही. साखरेचं प्रमाण वाढतं तशी श्यानता वाढते आणि तार टिकते. आमच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या हे मोजमाप चालत आलं आहे. रोमन पारध्याने बांडगुळाचा लगदा ताणून पाहिला असेल, तर त्याची कसोटीही तीच असणार.

मराठी शब्दाचं काय

आता परिभाषेकडे यायला हरकत नव्हती. 'श्यानता' हा शब्द मुलांना परका वाटतो, मलाही वाटायचा. त्याचं मूळ बघितल्यावर माझं मत पालटलं. संस्कृत धातू 'श्यै', अर्थ थिजणं, गोठणं. पाणिनीच्या सूत्राला व्याकरणग्रंथांत जे उदाहरण देतात ते 'शीनं घृतम्', म्हणजे थिजलेलं तूप. 'शीत' हाही त्याच धातूचा. पडशाला आयुर्वेदात 'प्रतिश्याय' म्हणतात, तोही याच घरातला. लॅटिन शब्द पक्ष्याच्या पायाकडे बघून झाला, संस्कृत शब्द थंडीत घट्ट होणाऱ्या तुपाकडे बघून. माझ्या मते शास्त्राच्या अर्थाला दुसरा जास्त जवळचा आहे, कारण थिजणाऱ्या तुपात बाहेरच्या कशाला चिकटण्याचा प्रश्नच नाही. वाहणं हळूहळू अवघड होत जातं, एवढंच आहे. जानेवारीतल्या पहाटे खोबरेलाची बाटली आडवी केली आणि तेल निघता निघत नाही, ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. ते दाखवून 'श्यानता' सांगितली, तर तो शब्द परका राहत नाही.

'चिकट' मी टाकून द्यायला तयार नाही. चीक, चिकट, चिकटा, चिकाटी हे आपले शब्द एका कुळातले आणि कामाचे आहेत. शिवाय आपल्याकडे चिकटपणाच्या छटा इतक्या आहेत की इंग्रजीला हेवा वाटावा: भेंडी बुळबुळीत, घामेजलेलं अंग चिकचिकीत, जुन्या तेलाचं भांडं ओशट, ओल्या पोळीचा तुकडा चिवट. प्रत्येकात काहीतरी वेगळं घडतं आहे आणि भाषेने ते टिपलं आहे. चिकटला विचारायचा प्रश्न एवढाच: कोण कुणाला चिकटतं?

हाच प्रश्न तिने पुढे स्वतः वापरला. बाजारातून आणलेल्या कुर्त्याच्या पट्टीवर 'व्हिस्कोस' असं छापलेलं होतं. कापड तर चिकट नाही, मग हे नाव का? शोधल्यावर कळलं की क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी १८९२ मध्ये इंग्लंडात लाकडाच्या लगद्यासारखे तंतुमय पदार्थ विरघळवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं; पुढे त्यातूनच सूत काढलं जाऊ लागलं. त्या कृतीत मधे एक दाट, मधासारखा संथ वाहणारा द्राव तयार होतो. नाव पडलं त्या द्रावावरून. सूत होईपर्यंत ते संथ वाहणं संपलेलं असतं, नाव मात्र कापडाला चिकटून राहिलं.

आणखी एक उदाहरण मी तिला दिलं, कारण ते मला फार आवडतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये डांबरासारखं काळं पिच एका नरसाळ्यात भरलं. हातोडी मारली तर पिच काचेसारखं फुटतं. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, नरसाळ्याचं तोंड उघडलं. २०१४ पर्यंत त्यातून पडलेले थेंब नऊ. त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे २३ हजार कोटी पट निघाली. फुटतं म्हणून ते घन मानावं, तर ते वाहतं आहे. तिने विचारलं, "टीचर, मग थेंब पडताना कोणी पाहिला?" क्वीन्सलंडमध्ये कित्येक दशकं कुणीच नाही. २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या तशाच दुसऱ्या प्रयोगात थेंब पडताना पहिल्यांदा चित्रित झाला.

पुढे काय झालं

गुण बदलले नाहीत, आणि बदलावेत अशी मागणीही तिने केली नाही. मी तिच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मण्यांच्या बाटल्या वर्गात आणता येतील का. तिने त्या नेल्या. बाटल्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांवर द्रवांची नावं इंग्रजी, मराठी आणि कोंकणीत होती.

सभामंडपातल्या अभ्यासवर्गासाठी आम्ही शब्दांची एक वही ठेवली आहे. त्यात ही नोंद तिने स्वतः, तिच्या शब्दांत केली. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं:

'व्हिस्कस. मूळ अर्थ बांडगुळाच्या चिकासारखा चिकट. रोजच्या इंग्रजीत दाट आणि चिकट. शास्त्रात: ज्याचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत असा, मराठीत श्यान. बोटाला लावून ठरवू नये, ओतून किंवा मणी सोडून ठरवावं. दाट म्हणताना घनतेशी गल्लत करू नये, एरंडेल आठवावं. किती अंशांना मोजलं ते लिहावं.'

नोंदीखाली तिने बांडगुळाचं ते बी चिकटवलं आहे. डिंक लागला नाही.